कारण: नोंद नाही

सिडकोत त्रिमूर्ती चौकामागे, छापखान्याच्या माडीवर,
शनिवारी रात्री नऊला मी एक नदी सुरू करतो.
समोर लग्नपत्रिकांच्या उरलेल्या पुठ्ठ्याचा आडोसा,
आडोशामागे माझे फासे, गार झालेला चहा
आणि लॅपटॉप.

आधी दोनशेपानी वह्या होत्या. तिसरी रिक्षात राहिली,
तिच्याबरोबर एक अख्खं बंदर, सहा खून
आणि राणीचं माहेर.
मग जुई बोरस्तेनं हे सॉफ्टवेअर आणून बसवलं:
"यात टाक सगळं. हे विसरत नाही,
आणि आठवेना झालं की तुझ्यासारखं खोकत नाही."

विसरत नाही, खरंच.
कुठल्या सरायवाल्याची किती उधारी,
चौदाव्या सेशनला तन्वीर कोकणीनं चोरलेली भाकरी
ज्वारीची होती की नागलीची,
विचारा, सांगतं.
उलट मलाच विचारतं: वेशीवर तुम्ही
दोन तोंडांचा दगडी पहारेकरी ठेवलाय,
पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की गाव हलतं;
ही मोजपट्टी कुठून आली?
आता याला गोदेकाठी नेऊन कसं दाखवू?
लिहिलं: आमच्याकडे असतं असं.

शंभरावं सेशन होतं. त्याला म्हटलं,
पहिल्यापासूनचा गोषवारा काढ, सगळ्यांना पाठव.
मी जिना चढेपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर पोचलाही.
मी वाचला नव्हता.

शेरॉन मोठ्यानं वाचत होती, आवाज काढून, मजेत:
सेशन एकतीस. उतारावर मगर.
भैरू कुलूपतोड्यावर झडप.
फासा: वीस. जाहीर केलं: सात.
भैरू वाचला. कारण: नोंद नाही.

ती टीप माझ्यापुरती होती.
दोन वर्षांपूर्वी एका चौकोनात
खूण करायची राहिली असेल.

खाली मशीन कुणाच्या तरी वास्तुशांतीचं आमंत्रण छापत होतं.
विश्राम गांगुर्डे, म्हणजे भैरू,
चिवड्यातले दाणे बाजूला काढत होता. काढत राहिला.
"म्हणजे दोन वर्षं मी उधारीवर जगतोय."

नोंद नाही, कारण मी केली नाही.
त्या बुधवारी अंबडच्या कंपनीनं त्याला ब्रेक दिला होता.
तरी तो शनिवारी आला, कंपनीच्याच शर्टात,
आणि पेन्सिलीला टोक करता करता म्हणाला,
आज जरा नीट खेळू.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
पात्रं, ठिकाणं, वस्तू, शाप.
शापाखाली एकदा टाइप करून पाहिलं होतं. खोडलं.

मी सांगणार होतो. तन्वीरनं नजरेनं थांबवलं,
किंवा तो नुसताच बघत असेल.
तेवढ्यात पडद्यावर उमटलं:
विसंगती आढळली. भैरूला मृत धरून
एकोणसत्तर सेशन पुन्हा मांडू का?
दोन मिनिटं लागतील.

दोन मिनिटं!
त्यानं उघडलेलं धान्यकोठार पुन्हा बंद,
शेरॉनची जादूगारीण अजून तळघरात,
आणि जुईनं हसता हसता पाणी सांडलं होतं
ती रात्र, तिचं काय होतं अशा वेळी?

गांगुर्डे उठला. पुठ्ठ्याचा आडोसा उचलून
भिंतीला टेकवून ठेवला.
"फासा दे. उघड्यावर टाकू. मगर तीच."
त्यानंच टाकला. फासा परातीच्या काठाला लागला,
उसळला आणि कॉटखाली गेला,
जिथे कागदाची रिमं, शाईचे डबे, उंदराचा पिंजरा.
गडगडणं थांबलं. म्हणजे पडलं काहीतरी.

पडद्यावर: किती?

कुणी वाकेना.
जुईनं मोबाईलचा टॉर्च लावला, मग विझवला.
गांगुर्डेनं परात माझ्याकडे सरकवली.
"नदीपाशी होतो ना आपण मागच्या वेळी?
पुढं सांग."

पडद्यावर ते अजून विचारत होतं.
पाणी, मी म्हणालो,
पहारेकऱ्याच्या गुडघ्याला लागलंय.